काजळाची धावपटू

माझ्या मूर्खपणाबद्दल लिहायचं तर सुरुवात त्या पुस्तकापासूनच करावी लागेल. लहान मुलांसाठीचं पुस्तक. परदेशातली एक काळी मुलगी, घरात खायची भ्रांत, गोरे लोक तिला मैदानात पाय ठेवू देत नाहीत, आणि तरी ती धावून जिंकते. नरडाण्याजवळच्या आमच्या शाळेत मी ते पाचवीला वाचून दाखवलं. पोरं चिडली. "किती नालायक लोकं, मॅडम!" मीही मान डोलावली. जसे काही आपण धुतल्या तांदळाचे!

वर्गात भिलाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्लवस्तीतली, एक मुलगी होती. काळीसावळी, काटक. अनवाणी धावून सातवीच्या मुलांना मागे टाकायची. तालुक्याच्या शर्यतीला तीच जाणार हे ठरलेलं. पुस्तक तर तिला तोंडपाठ झालं होतं. स्नेहसंमेलनात त्याचं नाटक करू म्हटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, ती मी होऊ?"

मी म्हटलं, "बघू."

त्याच संध्याकाळी शाळा समितीचे अध्यक्ष आले. गावातले मोठे बागायतदार, सगळे त्यांना नाना म्हणतात. संमेलनाचा मंडप दरवर्षी त्यांचाच. "मंडप मना शे, मॅडम. मुख्य काम आमनी नातले द्या." आणि मी दिलं! नाही म्हणायला काय जीभ झडली होती माझी? नसती कटकट नको, म्हणून गप्प बसले.

नात गोरीपान. मग मीच काजळाच्या डब्या आणल्या आणि स्वतःच्या बोटांनी तिचं तोंड, मान, हात काळे केले. भिलाटीतल्या पोरीला मी पडदा ओढायला ठेवलं होतं. ती शेजारी उभी राहून बघत होती. नाटकात नायिकेला हाकलून देतात तिथं बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. शर्यतीच्या सकाळी मी तिच्या घरी गेले. आई कामाला निघायच्या गडबडीत होती, ही चूल सारवत होती.

"चल गं, गाडी थांबलीय. तू नाही तर कोण धावणार?"

वर न बघता ती म्हणाली, "धावाले मी, आन् स्टेजवर ती?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिनं हात धुतले, आणि आईच्या मागोमाग कापूस वेचायला निघून गेली.