मावशीने रक्तपेढीत सर्व्हर बसवला

माझ्या मावशीने चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बिघडलेल्या लाईनी शोधून दुरुस्त करणं हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर महिनाभर तिने घरातली झाडून सगळी कपाटं आवरली. काकांचं कपाट तिसऱ्यांदा आवरायला घेतलं तेव्हा काकांनी हात जोडले. "अगं, तू बाहेर काहीतरी काम बघ. माझे मोजे मलाच सापडेनात."

मग ती जवळच्या रक्तपेढीत फोन घ्यायला जाऊ लागली.

तिथे रक्तदात्यांची नावं तीन जाडजूड रजिस्टरांत होती. दुर्मिळ गटाचं रक्त लागलं की मावशी आणि तिथल्या डॉक्टरीणबाई एकेक रजिस्टर मांडीवर घेऊन पानं उलटत बसायच्या. एकदा हवा तो दाता सापडेपर्यंत पाऊण तास गेला. पेशंट वाचला, पण मावशीला घरी जेवण गेलं नाही. तिने मला फोन लावला.

"तू ते प्रोग्रॅम लिहितेस ना? मला एक लिहून दे. गट टाकला की माणसं दिसली पाहिजेत, बस."

मी लिहून दिला. कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडेल असा, साधाच. पण तो चालवायला एक सर्व्हर, म्हणजे कायम चालू राहून बाकीच्या कॉम्प्युटरांना तो प्रोग्रॅम पुरवणारं मशीन, लागणार होता. रक्तपेढीच्या अडगळीत एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. "त्याच्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स टाकू," मी म्हटलं. "मी इथूनच लॉगिन करून सगळं करून देते."

"म्हणजे उद्या बंद पडला की तुझ्या फोनची वाट बघत बसू? तू सांग, मी करते."

आणि तिने केलं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं बघून घाबरेल असं मला वाटलं होतं, तर म्हणते, "हे बरंय. उगाच चित्रंबित्रं नाहीत." प्रत्येक कमांडचा अर्थ कळल्याशिवाय एंटर दाबायची नाही. सर्व्हर चालवण्यासाठी वेगळा युजर कर म्हटलं, तर अडून बसली.

"कशाला? मीच आहे की मालकीण."

"मालकिणीच्या नावाने चालवलास आणि बाहेरचा कुणी त्यात घुसला, तर अख्खं मशीन त्याच्या ताब्यात. वेगळा युजर असला की त्याची धाव त्या एका खोलीपुरती."

"असं सांग ना मग. मास्टर किल्ली आम्हीसुद्धा कुणाच्या हातात देत नव्हतो."

सर्व्हर सुरू झाला. त्या मशीनवर प्रोग्रॅमचं पान झकास उघडलं, पण डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर काही केल्या उघडेना. मी फोनवर काही सुचवणार, तेवढ्यात मावशीने मला गप्प केलं. "थांब. इथे बोलणं ऐकू येतंय, तिकडे जात नाहीये. म्हणजे मधे कुठेतरी तुटलंय." तिने आधी केबल तपासली, मग एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारायची कमांड देऊन पाहिली. हाक पोचत होती. "रस्ता आहे. दार बंद आहे," ती म्हणाली. खरंच, बाहेरून येणाऱ्यांना अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये आमच्या प्रोग्रॅमच्या दाराला, म्हणजे त्या पोर्टला, परवानगीच नव्हती. तिने ती दिली आणि पान उघडलं. मी नऊ वर्षं हे काम करतेय, पण इतक्या शांतपणे बिघाड शोधणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मावशी आणि डॉक्टरीणबाई, दोघींनी मिळून बाराशे नावं भरली. डॉक्टरीणबाईंना मात्र धाकधूक होती. "ताई, वीज गेली तर काय?"

"बघायचंय?" म्हणत मावशीने सगळ्यांसमोर प्लग उपटला, परत लावला. कॉम्प्युटर उठला. पान काही उठलं नाही. तिचे कान लाल झाले, पण तिने सबब सांगितली नाही.

"अर्धा तास द्या," ती म्हणाली आणि मला फोन केला. "मशीन जागं झालं तरी सर्व्हर झोपलेलाच राहतो. त्याला कुणी उठवायचं?"

मशीन सुरू होताच सर्व्हर आपोआप चालू व्हावा, अशी नोंद करायची राहिली होती. मी सांगायला विसरले होते. तसं कबूल केलं तर म्हणाली, "ते नंतर. आधी सांग." अर्ध्या तासाच्या आत तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "आता तुम्ही उपटा."

त्यांनी भीतभीतच प्लग ओढला. दोन मिनिटांत पान परत आलं. त्यांनी पुन्हा ओढून पाहिला. पुन्हा आलं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, बाळंतपणात अडलेल्या एका बाईसाठी ओ निगेटिव्ह रक्ताची मागणी आली. मावशीने गट टाकला. चार नावं आली. पहिला फोन लागला नाही, दुसरा एका बेकरीवाल्याने उचलला आणि तो तसाच, बाह्यांना मैदा लागलेला, वीस मिनिटांत हजर झाला.

दुपारी मावशीचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत." मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आता मला बॅकअपचं सांग. डिस्क गेली तर बाराशे नावं मी परत भरणार नाही."

आज तो सर्व्हर चालू होऊन दोन वर्षं झाली. आणखी दोन रक्तपेढ्यांमध्ये तिने स्वतः जाऊन तसाच बसवून दिलाय. तिसरीकडून बोलावणं आलं तेव्हा तिने मला विचारलंसुद्धा नाही.