तोरणा ताक आणि राजगड पन्हं

सूसमधून आमच्या गाड्यांची रांग निघाली तेव्हा मी पुढच्या सीटवर करवंदाच्या सरबताची बरणी मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक वळणाला बरणी डुचमळायची आणि माझी नवी साडी धोक्यात यायची. पण तक्रार कोण करणार? अकोल्याहून मी मुळशी बघायला आले ती नेमकी राज्याभिषेक दिनाच्या आदल्या संध्याकाळी, आणि माझी भाची मुग्धा हिने मला पाहुणी म्हणून एक रात्रही राहू दिलं नाही. आल्याआल्या कैऱ्या उकडायला बसवलं.

बेत तिचाच. तिच्या सोसायटीतली मंडळी आणि माले गावचे लोक तिच्या सासरच्या शेतावर जमणार, ढोल-लेझीम होणार आणि खाणंपिणं महाराजांच्या काळाला साजेसं असणार. म्हणून बटाटा नाही, टोमॅटो नाही आणि चहासुद्धा नाही! हे शेवटचं ऐकून मी लवळ्याच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावली आणि कॉलेजच्या पोरापोरींच्या गर्दीत उभी राहून दोन कप पोटात घालून घेतले.

पौड मागे पडलं. मग गाडी चालवता चालवता मुग्धाने खरं काय ते सांगितलं. रस्त्याकडेच्या त्या शेताला गिऱ्हाईक आलं होतं. तिचा नवरा कामासाठी परदेशात, सासऱ्यांचं वय झालेलं, आणि शेत विकावं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हिने एक दिवस मागून घेतला. इथे लोक येतील, खातील, वर्षभर असे कार्यक्रम करता येतील, हे तिला दाखवायचं होतं. नाना, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले होते, लोकं आली आणि गावात नाव खराब झालं नाही, तर बघू.

माले आलं आणि मी सगळं विसरले. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी धरलेलं गाव, पेरणीसाठी नांगरून ठेवलेली खाचरं (भाताची शेतं), बांधावर जांभळांचा सडा. नाना धोतर-टोपीत मांडवाच्या तोंडाशी उभे होते. "या विहीणबाई. लई लांबनं आलाय," म्हणाले आणि माझ्या हातातली बरणी स्वतः घेतली. मला माणूस आवडला.

नाचणीची धिरडी तव्यावर चढली, हुलग्याची उसळ उकळू लागली. पेयांना मुग्धाने किल्ल्यांची नावं दिली होती: तोरणा ताक, राजगड पन्हं, तिकोना करवंद सरबत. महाराजांचं नाव खाण्यापिण्याला द्यायचं नाही, हे तिने पहिल्यापासून पाळलं होतं. गावच्या बायका नावं वाचून हसत होत्या, ढोल घुमत होता. मला तर नाचावंसं वाटत होतं, आणि थोडी नाचलेही.

मग पेल्यांची खोकी उघडून सोसायटीच्या पोरींनी पन्हं वाटलं. पहिला पेला नानांना. नानांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि तसाच धरून ठेवला. कागदी पेल्यावर महाराजांचं चित्र होतं.

"पोरी," नाना हळूच म्हणाले, "ह्याला तोंड कसं लावायचं? आन प्याल्यावर टाकायचा कुटं?"

मुग्धाचा चेहरा पांढराफटक पडला. चित्र तिनेच निवडलं होतं, हौसेने. नावांचा एवढा विचार केला आणि पेला उष्टा होतो, मग पायाखाली येतो, हे डोक्यातच आलं नाही. ढोल थांबला. मांडवभर माणसं भरलेले पेले हातात धरून उभी. प्यावं तर पंचाईत, ओतावं तर पंचाईत, आणि खाली ठेवायची कुणाची छाती नाही. कुणीतरी पुटपुटलं, शहरातल्या लोकांना काय कळतंय.

नानांनी आपला पेला माझ्या हातात दिला आणि तरातरा मांडवाबाहेर निघून गेले. मुग्धा चुलीमागे जाऊन उभी राहिली. "संपलं गं मावशी," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने वस्तीकडून खणखणाट ऐकू आला. ट्रॅक्टर येत होता, ट्रॉलीत पोती आणि पोत्यांवर नाना. देवळाची भांडी! गावातल्या लग्नकार्यांसाठी ठेवलेले स्टीलचे पेले, प्रत्येकावर देवस्थानाचं नाव कोरलेलं. किल्ली नानांकडे असते.

"ढोल का थांबलाय?" त्यांनी ट्रॉलीवरूनच विचारलं. "सून माझी हाय. चुकली आसंल तर मी बघून घीन. पन्हं गरम व्हतंय, वता."

मग जी धांदल उडाली! पेल्यांतून पेल्यांत पन्हं ओतलं गेलं, पुन्हा ढोल सुरू झाला, धिरडी पुरेनात. सोसायटीतल्या बायकांसोबत मी हौदावर बसून कागदी पेले धुतले. देव्हाऱ्यातली भांडी धुवावीत तसे, एकेक, हलक्या हाताने. जन्मात पहिल्यांदाच हे काम केलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. वाळवून सगळ्यांनी एकेक घरी नेला.

निघताना मुग्धा नानांच्या पाया पडली. ते तिला नुसतं "सावकाश जा" म्हणाले. मला मात्र बाजूला बोलावलं. सुनेचं कौतुक तोंडावर करायची त्यांची रीत नाही.

नाना काय म्हणाले ते गाडीत मी तिला सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली.

"पुन्हा सांग."

"पुढल्या सालाला पेले घरचे घेऊ म्हणाले. दरसाल देवळाचे आणणं बरं दिसत न्हाई."

"दरसाल म्हणाले?"

"दरसाल. आणि त्यावर नाव तुझं कोरायचंय."

ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. अकोल्याला परतल्यापासून जो तो विचारतो, मुळशीचं धरण पाहिलं का? नाही पाहिलं. वेळच मिळाला नाही. पण विकायला निघालेल्या शेतात उभा राहून एक म्हातारा माणूस "दरसाल" म्हणाला, ते मी ऐकलं.