एक जानेवारीची गरम भाकर

आमच्या गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या एक जानेवारीला जन्मल्या. खोटं वाटत असेल तर त्यांची आधार कार्डं काढून बघा. कार्ड करणाऱ्यानं विचारलं, जन्मतारीख काय? एक म्हणली, हुरड्याचे दिवस होते म्हणं. दुसरी म्हणली, त्या साली आमची तांबडी गाय व्यालती. आता गाईची तारीख तो कुठं हुडकत बसतो? त्यानं सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं आणि मोकळा झाला. माझी बायको त्यातलीच.

यात काही वाईट झालं नव्हतं. एस.टी.त कंडक्टरला दाखवण्यापलीकडं त्या कार्डाचा उपयोग काय? पण नात पुण्याला शिकायला गेली आणि तिनं ते कार्ड वाचलं. डिसेंबर संपत आला तसा तिचा फोन आला.

"आबा, एक तारखेला आजीचा वाढदिवस हाय. तिला हॉटेलात जेवायला घेऊन जा."

"का? आपला तवा फुटलाय का?"

"तुमाला न्हाई विचारलं. आजीला द्या फोन. आजी, काय पायजे तुला वाढदिवसाला?"

मला वाटलं लुगडं मागंल. नाहीतर देवाला जायचं म्हणंल. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्यानं सांगितलं, "मला एकदा गरम भाकर खायचीय. दुसऱ्या बाईनं केलेली. तव्यावरनं थेट ताटात."

माझं डोकंच फिरलं. ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरी बाईला भाकर मिळत नाही. फोन ठेवल्यावर मी म्हणलं, "तुला घरात खायला घालत न्हाई का मी?"

"घालता की. मी कुठं न्हाई म्हणलं? गार मिळती, एवढंच."

आमच्या घरची रीत सांगतो, म्हणजे उगं कुणी भलतं समजायला नको. ती भाकरी थापते, मी जेवतो. ताटातली संपायच्या आत तव्यावरची पडते. मी हात धुऊन ओट्यावर गेलो की ती चूल आवरते, भांडी गोळा करते आणि मग दुरडीतली उरलेली घेऊन बसते. माझ्या आईचं हेच होतं. मी तिला कधी असं कर म्हणलो नाही. पण करू नको असंही म्हणलो नाही, हे ती त्या दिवशी म्हणाली.

वाढदिवसाचं म्हणाल तर मला त्याचा तिटकाराच आहे. आमच्याकडं चौकात बोर्ड लागतो. मधी एक गॉगलवाला, त्याच्या भोवती चाळीस मुंडकी, वर लिहिलेलं भावी अमुक, भावी तमुक. जन्माला येण्यात माणसाचं स्वतःचं काय कर्तृत्व असतं? कष्ट आईचे आणि बोर्ड याचा. पण नातीपुढं "नेतो" असं तोंडातून निघून गेलतं. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण दिलेला शब्द काही गिळत नाही.

एक तारखेला दुपारी केजच्या एस.टी.त बसलो आणि केज यायच्या अलीकडंच रस्त्यावर एक हॉटेल आहे, तिथं उतरलो. दारातच हसू आलं. बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं. ज्या चाकाला वंगण घालता घालता आमची उमर गेली, ते इथं खिळ्याला. भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत. मध्ये विटांची विहीर, आत पाणी नाही. आणि लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. खरी विहीर दाखवली तर पळून जातील.

दाराशी एक बाई चुलीवर भाकरी करत बसलेली. आमची बायको तिथंच उभी राहिली. मी हाताला धरून आणलं नसतं तर परात ओढून स्वतःच थापायला बसली असती.

वाढपी आला. मिशा पिकलेला माणूस. "बाबा, तुमाला काय, अन् आजीला काय?"

"दोघाला भाकर अन् शेवभाजी."

"मला तिखट सोसत न्हाई," ती हळू म्हणाली.

"कधीपासनं?"

"झाली की दोन वर्सं."

"मग आजीला फिकं वरण देतो," म्हणून तो गेला. परक्या माणसानं माझ्या बायकोचं जेवण ठरवलं.

शेजारच्या टेबलावर एक जोडी होती. पोरीचाच वाढदिवस. केकवर फटाका लावला, तो फुसफुसला, मग पोरानं केक कापून तिच्या गालाला फासला. खायची वस्तू तोंडात घालतात, तोंडाला लावत नाहीत, एवढं आमच्या म्हशीलासुद्धा कळतं. त्यांची ताटं आली. वाफा निघत होत्या. पोरानं आधी ताटाचा फोटो काढला, मग पोरीचा, मग दोघांचा, मग परत ताटाचा. वाफा गेल्या, भाजीवरच्या तेलाची साय झाली, तरी यांचं चाललेलंच.

"बघ," मी बायकोला म्हणलं, "अन्न गार करायला आलेत हितं."

आमची ताटं आलती. मी भूक लागलेली म्हणून सपाटा लावला. दोन भाकरी झाल्या, कांदा झाला. वर बघतो तर तिची भाकर जशीच्या तशी. हात मांडीवर ठेवून बसलेली.

"खा की."

"तुमचं हुंद्या."

इतक्या वर्षांच्या सवयीनं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तिसरी संपवली, उठलो आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेलो. तिथं आरसा होता. त्यात दिसलं, मी उठल्याबरोबर तिनं पदर सावरला, भाकर मोडली आणि खायला लागली. भाकर वाकत नव्हती, कडकन मोडली. वीस कोस येऊन बाईनं परत गारच खाल्ली.

शेजारची जोडी अजून फोटोच काढत होती. त्यांच्याकडं बघायची मला जरा लाज वाटली.

मी वाढप्याला म्हणलं, "तिची भाकर उचला. तव्यावरची आणा." आणि परत तिच्यासमोर येऊन बसलो. त्यानं गरम भाकर आणून टाकली. पापुद्रा टम्म फुगलेला. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आता काय झालं?"

"तुमी उठा की."

"कावून?"

"तुमी समोर बसल्यावर घास उतरत न्हाई मला. सवय न्हाई."

हे तिनं रागानं म्हणलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. पण तिनं मीठ मागावं तसं म्हणलं. मी तिथं नवरा, तिकीट काढून घेऊन आलेलो, आणि मलाच ऊठ म्हणते. बसूनच राहायचं मनात होतं. पण भाकरीचा पापुद्रा खाली बसायला लागला.

मी उठलो. जाता जाता वाढप्याला सांगितलं, "एक संपत आली की दुसरी टाका. गार झालेली देऊ नका."

"भांडलात का काय, बाबा?"

"भांडायला काय झालं? जेवती हाय ती."

बाहेर लिंबाचं झाड आहे, त्याखाली उभा राहिलो. तिथून खिडकी दिसते. तिनं घास मोडला, बोट पोळलं, झटकलं. मग घास तोंडापुढं धरून फुंकर मारली. मी आठवून बघितलं. म्हशीच्या आंबोणावर, पोरांच्या दुधावर, माझ्या चहावर फुंकर मारताना तिला हजारदा बघितलंय. स्वतःच्या घासावर मारताना कधी बघितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसत आली.

"कशी होती?"

"त्या बाईला भाकर येत न्हाई. कडंला कच्ची राहती. पीठ बी जुनं, विरी गेलेलं, चिकटाच न्हाई."

"किती खाल्ल्या?"

"तीन."

घरी ती एक खाते.

संध्याकाळी नातीचा फोन. "आबा, फोटो काढला का?"

"कोण काढणार? मी बाहेर हुतो."

"बाहेर? वाढदिवसाला आजीला एकटीला बसवलं? तुमी ना, आबा, कधी सुधारणार न्हाई."

मी फोन बायकोकडं दिला. शिकलेल्या माणसाला सगळं उकलून सांगावं लागतं, आणि मला तेवढा दम नाही. पुढच्या एक जानेवारीला परत जायचं ठरलंय. त्या हॉटेलवाल्याला सांगणार आहे, ती कोरडी विहीर राहू दे बाबा, पण लिंबाखाली एक बाज टाक.