आमचा नेहमीचा पंच

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोड असते. मला घटनेपेक्षा तेव्हा मीच बोललेलं एक वाक्य जास्त आठवतं, आणि ते आठवलं की मान खाली जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला मी ठाणेदार होतो. पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात आणि पंच व्हायला कोणी तयार नसतं. कोर्टाच्या चकरा कोण मारणार? पोलिसांची जीप दिसली की अख्ख्या गावाला शेतातली कामं आठवतात. म्हणून ठाण्याचा एखादा ठरलेला पंच असतो. हे बरोबर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचा पंच ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा. हाक मारली की शटर ओढून हजर. बोलणं गोड, मोटारसायकल कायम तयार. माझी आई गावाहून आली होती, तेव्हा तिला एसटी स्टँडवर सोडायला मी त्यालाच पाठवलं होतं. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. नंतर फोनवर ती म्हणाली, "लय गुणाचा माणूस आहे रे."

त्या हिवाळ्यात एका म्हातारीचं प्रेत विहिरीत मिळालं. पाय घसरला असेल, असं धरून आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. महिन्याभरात दुसरी म्हातारी नाल्यात सापडली. अंगावरची चांदी गायब, गळ्यावर वळ. आता खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोन्ही पंचनाम्यांवर पंच क्रमांक एक म्हणून आमच्या या माणसाची सही होती. आम्ही मात्र टॉवर लोकेशन काढत होतो, जुने गुन्हेगार उचलत होतो.

दुसऱ्या म्हातारीची मुलगी जवळच्या बंजारा तांड्यात राहायची. आठवड्यानं ती तांड्यातल्या चार-पाच जणांना घेऊन ठाण्यात आली आणि समोरच्या दुकानाकडे हात करून म्हणाली, "साहेब, माही याडी त्या दिवशी त्याच्याच गाडीवर बसून गेलती. म्या सोता पाह्यलं."

याडी म्हणजे आई. याहून थेट खबर नसते. तिला आत बसवून जबाब घ्यायचा, हे नवा शिपाईही सांगेल. खरं सांगतो, क्षणभर मलाही शंका आली. पण त्याच्यावर संशय घेतला असता, तर त्याची सही असलेले आमचे सगळे जुने खटले कोर्टात लटपटले असते. मी शंका गिळली आणि त्यालाच बोलावून तिच्यासमोर विचारलं, "काय भाऊ, ही काय म्हणते?"

तो हसला. "फाट्यापर्यंत सोडलं ना साहेब बुढीले. कायले नाही म्हणू?" बोलता बोलता त्यानं माठातलं पाणी आणून तिच्या हातात दिलं. तिनं ग्लास धरून ठेवला, प्यायली नाही.

मी म्हणालो, "बाई, हा आपला माणूस आहे. ठाण्याचा. उगाच कोणावर आळ घेऊ नको." तांड्यातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

पंधरा दिवसांनी तिसरं प्रेत मिळालं, तुरीच्या शेतात. ती या मुलीचीच मावशी होती. तिथंही मी सवयीनं त्यालाच जीपमधून नेलं. बाई पालथी होती, पदर डोक्याभोवती गच्च गुंडाळलेला. फोटो होईपर्यंत कोणी हात लावायचा नव्हता. जमादार लिहायला बसला. इतक्या पंचनाम्यांना उभं राहून आमच्या पंचाला मजकूर पाठ झाला होता. तो सांगू लागला, "लिहा जमादार. वय अंदाजे साठ. पायात वाळे नाहीत. डावा कान फाटलेला."

जमादाराचं पेन चालत राहिलं. माझ्याही काही ध्यानात आलं नाही. गर्दीतून ती मुलगी पुढे आली.

"पदर तं अजून कोणी काढलाच नाही, साहेब. याले कान कसा दिसला?"

पदर सोडवला. डावा कान फाटलेला होता.

चौकशीत तो एक दिवस टिकला. दुकानाची झडती घ्यायला मी तहसीलमधून दोन कारकून पंच म्हणून आणले. तहसीलदाराला एक पत्र दिलं की मिळतात, तेवढं पत्र मी आधी कधी दिलं नव्हतं. झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यात तिघींची चांदी सापडली आणि मग तो बोलला. बस चुकलेली एकटी म्हातारी तो हेरायचा. सगळं सांगून झाल्यावर शांतपणे म्हणाला, "तुमच्या आईच्या पाटल्याही पाह्यल्या होत्या, साहेब. पण तुमची आई म्हणून सोडलं." मी उठून व्हरांड्यात गेलो आणि आईला फोन लावला. तिचा आवाज ऐकला आणि जेवलीस का, एवढंच विचारलं.

पुढे त्याचं नाव जिल्हाभर गाजलं. त्याला जन्मठेप झाली, मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते भिंतीवर लावलेलं नाही.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, पंच बदलत राहा, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी एकट्याला ऐका. याच्यापुढचं सांगायची लाज वाटते, म्हणून आज लिहून टाकतो.

निकालानंतर मी तांड्यावर माफी मागायला गेलो होतो. ती अंगणात तूर पाखडत होती. मला बसायला बाज दिली. मला राहवलं नाही, मी विचारलं, "तुझा त्याच्यावर संशय होता. मग मावशी त्याच्या गाडीवर बसली कशी?"

तिचं सूप थांबलं.

"म्या सांगतलं होतं तिले, बसू नको म्हून. मावशी म्हणे, येडी झाली का तू? साहेबानं सोता सांगतलं ना, आपला माणूस आहे."