परवाना येईपर्यंत

सुधीरकाका गेल्याचं बाबांनी मला कॉलेजात फोन करून सांगितलं. "सुधीर गेला गं," एवढंच. काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तरी त्यांच्याविषयी नेमकं काय वाटतं, हे मला सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

आम्ही आणि काका आखातातल्या मुसफ्फ्यात शेजारी होतो. बाबा जवळच्या एका परदेशी लष्करी तळावर स्वयंपाकी. दोन हजार आठच्या मंदीत काकांची दुबईतली बँकेची नोकरी गेली आणि ते आयुर्विमा विकू लागले. पण तळावरच्या कामगारांना विमा विकायला, अगदी तळाबाहेरसुद्धा, वेगळा परवाना लागे. शहरातलं लायसन्स तिथे चालत नसे. काका अर्ज करून वाट पाहत राहिले. बाकीचे एजंट परवान्याशिवायच कामगारांना गेटबाहेर गाडीत बसवून सह्या घेत. बाबांना घाई होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच असणार होते. आपल्यामागे माझं शिक्षण अडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"गाडीत सही घे, खलास," बाबा काकांना म्हणाले.

"आणि उद्या क्लेम नाकारला तर वहिनींना काय तोंड दाखवू?"

"माझ्या मरणाची तुला फारच खात्री दिसते."

"धंदाच तो आहे माझा," काका हसले.

परवाना आला, तोवर बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मग कोणतीच कंपनी त्यांचा विमा उतरवेना. पुढे त्यांच्या किचनमधला एक सोबती वारला. त्याने गाडीतच सही केली होती, आणि त्याच्या बायकोला पैसे रीतसर मिळाले. त्या दिवसापासून बाबा काकांशी बोलेनासे झाले. आपल्यामागे काहीच नाही, या धास्तीने आजही ते झेपत नसताना कामावर जातात.

तरी बाबांच्या दर तपासणीला काका गाडी घेऊन येत. दोघं न बोलता हॉस्पिटलात जात. एकदा जिन्यात मी चाचरत म्हणाले, "काका, तुम्ही नियम पाळलात, त्यात काय..."

"नियमाचं राहू दे गं. घाबरलो होतो मी. नोकरी गेलीच होती, लायसन्सही गेलं असतं तर..."

मला त्यांचा राग येतो, आणि त्या रागाची लाजही वाटते. दोन्ही खरं आहे.

परवाच्या तपासणीला आम्ही टॅक्सीने गेलो. पहिल्याच गतिरोधकावर दणका बसला. बाबांनी छातीवर हात ठेवला.

"भाईसाब, आराम से," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "सुधीर इथे आधीच ब्रेक दाबायचा."

हॉस्पिटल येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाआधी ते पुढच्या सीटची पाठ घट्ट धरत होते.