सशांच्या डोळ्यांचं रजिस्टर

बाईंशी माझं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल एखादा बरा शब्द माझ्या तोंडून गेला, तर तो किती कष्टाने गेला असेल याचा तुम्हाला अंदाज येईल.

मी संस्थेच्या प्राणीघरात एकवीस वर्षं होतो. शास्त्रज्ञ वगैरे नव्हे. सशांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे, आणि चाचणीच्या दिवशी सशाला धरून त्याच्या एका डोळ्यात थेंब सोडायचा. थेंब शाम्पूचा, साबणाचा, फरशी पुसायच्या औषधाचा, कंपन्या पाठवतील त्याचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग तासाने, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी डोळा किती लाल झाला ते बघायचं आणि शून्य ते तीन गुण द्यायचे. ते गुण माझ्या अक्षरात माझ्या रजिस्टरमध्ये लिहिलेले असत. संस्थेत सगळे मला मामा म्हणत, मोठे साहेबसुद्धा.

बाई आल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या असतील. साहेबांनी त्यांना जी खोली दिली ती माझी गवताची कोठी होती. मला कुणी विचारलं नाही. एका सोमवारी येऊन बघतो तर माझी पोती व्हरांड्यात आणि आत दोन माणसं भिंतींना पांढरा रंग देतायत. बाई दारात उभ्या. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाल्या, "मामा, चपला बाहेर. आणि खरं म्हणजे तुम्हीही बाहेरच थांबा, तुमच्या अंगावर सशांचे केस आहेत." पहिल्याच भेटीत इतका पाणउतारा माझ्या सासऱ्यानेही केला नव्हता.

त्यांचं काम काय ते मला शिपायाकडून कळलं. मेलेल्या माणसांनी दान केलेल्या डोळ्यांवरचा काचेसारखा पडदा असतो ना, त्याच्या पेशी त्या प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढवणार होत्या. त्या पेशींचा पातळ थर तयार झाला की सशाच्या डोळ्यात सोडायचा तो थेंब त्या थरावर सोडायचा आणि किती पेशी मेल्या ते मोजायचं. म्हणजे ससा नको. म्हणजे प्राणीघर नको. म्हणजे मीही नको. माझीच कोठी घेऊन माझ्याच पोटावर पाय देणारी बाई!

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. गवताची ढकलगाडी रोज त्यांच्या दाराशी लावायला लागलो. महिन्याभरात बाई तणतणत आल्या.

"मामा, तुमच्या गवताची बुरशी माझ्या बाटल्यांत उगवलीय. तीन आठवड्यांचं काम ओतून दिलं मी!"

"उगवणारच. गवत आहे ते, काच नाही."

त्यांनी गाडीचा दांडा धरला आणि गाडी स्वतः ओढत अंगणात नेऊन उलटी केली. मग साहेबांनी दोघांनाही झापलं. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे कामापुरते चार शब्द.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर लोक त्यांना "बशीवाल्या बाई" म्हणत. साहेब पाहुण्यांना खोली दाखवताना म्हणायचे, "या बाई बशीत डोळा उगवणार आहेत," आणि सगळे दात काढायचे. बाई हसत नसत, चिडतही नसत, काचेवर वाकलेल्या असत. पेशींना दर दोन दिवसांनी ताजं अन्न घालावं लागतं. लालसर पाणी असतं ते, त्याला मीडिया म्हणतात. त्यामुळे रविवार असो नाहीतर ताप असो, बाई हजर. त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं त्या दिवशीही आधी पेशींना अन्न घातलं आणि मग गेल्या. ही गोष्ट मी चार जणांना तिखटमीठ लावून सांगितली. बायको एकदा म्हणाली, "त्या बाईचा उद्धार केल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही." खरंच होतं ते.

नवव्या वर्षी त्यांची पद्धत मंजुरीच्या समितीपुढे जायची वेळ आली. पेशी अशा भराभर वाढत होत्या की साहेब खूश. पूर्वी थर व्हायला दहा दिवस लागत, आता तीन. आणि याच गोष्टीने बाईंना झोप लागेना. एवढ्या चांगल्या वाढतातच कशा? कुणी सांगितलं नसताना त्यांनी आपल्याच पेशी ओळख पटवायला बाहेर पाठवल्या. उत्तर आलं, की या डोळ्याच्या पेशीच नाहीत. वरच्या मजल्यावरून तुलनेसाठी आणलेल्या कर्करोगाच्या पेशी होत्या त्या. त्या तणासारख्या वाढतात. कधीतरी घाईत बाईंनी एकाच बाटलीतला मीडिया दोन्हींना घातला होता. बाटलीत पेशी जायला एक थेंब पुरतो. महिन्याभरात डोळ्याच्या पेशी संपल्या आणि त्यांच्या जागी या येऊन बसल्या. वरून सगळं सारखंच दिसत होतं.

साहेब म्हणाले, "कोण तपासतंय? जाऊ दे समितीकडे." बाईंनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं, "बाटली माझी, हात माझा. किती महिन्यांचं काम खोटं आहे ते मला सांगता येत नाही, म्हणून सगळंच मागे घेते." नऊ वर्षं! माझ्या मनात तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या संध्याकाळी मी घरी मिठाई नेली. लाज वाटते सांगायला, पण नेली.

बाईंची मदतनीस काढून घेतली, पगारवाढ थांबली. खोली तेवढी राहिली, कारण ती परत द्या म्हणून माझ्याशिवाय कुणी मागत नव्हतं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक पेशीला वेगळी बाटली, वेगळा दिवस. आणखी पाच वर्षं गेली. केस पांढरे झाले.

मग या नव्या पेशींची परीक्षा ठरली. जुने चाळीस द्रव काढले. बाईंच्या पेशी एकीकडे आणि माझं रजिस्टर दुसरीकडे. नवीन ससे वापरायचे नाहीत, मामांच्या जुन्या नोंदी आहेतच, असं बाईंनीच सुचवलं होतं. चौतीस द्रवांचा मेळ बसला. सहांचा बसला नाही. त्या सहांनी बाईंच्या पेशी साफ मारल्या होत्या, आणि माझ्या रजिस्टरात सशांचे डोळे जेमतेम गुलाबी.

साहेब म्हणाले, "बाई, परत तेच? मामांचे ससे काही खोटं बोलत नाहीत." सगळे हसले. मीही हसलो. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. कारण सापडलं नाही तर खोली बंद, पेशी टाकून द्यायच्या, आणि कोठी मला परत.

शुक्रवारी मी त्यांच्या दारावरून गेलो. बाई जमिनीवर बसून एकेक बाटली उजेडात धरून बघत होत्या. मी मुद्दाम थांबलो.

"काय बाई, परत बाटली चुकली वाटतं?"

त्यांनी वर बघितलं. "असेल. एकदा चुकलेय ना, आता आधी स्वतःवरच संशय येतो. तुमच्या नोंदींवर कसा घेणार? तुम्ही गवत टाकाल दारात, पण आकडा नाही बदलणार."

हे मात्र जिव्हारी लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कारण ते सहा द्रव मला नावानिशी आठवत होते. ससा मुका प्राणी. सहसा आवाज काढत नाही. पण काही द्रवांनी तो किंचाळायचा. ती किंकाळी लहान मुलासारखी असते आणि ती ऐकून मला जेवण जायचं नाही. नियम असा, की चोवीस तास डोळा धुवायचा नाही. मी मधल्या सुट्टीत, आसपास कुणी नाही बघून, मिठाच्या पाण्याने धुवायचो. ससा शांत व्हायचा. दुसऱ्या दिवशी डोळा गुलाबी, गुण एक. जे दिसलं तेच लिहिलं, एक अक्षर खोटं नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आलो होतो. आकडा मी बदलला नव्हता. डोळा बदलला होता.

शनिवार मी घरात आदळआपट करण्यात घालवला. गप्प बसलो असतो तर सोमवारी माझी कोठी, माझे पिंजरे, माझी नोकरी, सगळं शाबूत होतं. चौदा वर्षं मी हेच मागत होतो. रविवारी सकाळी कपडे घातले तेव्हा बायकोने विचारलं, "आज कुठे?" म्हटलं, "भांडायला."

बाई पेशींना अन्न घालत होत्या. मी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यावरूनच सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी हातातली बाटली बंद केली.

"सहाच?"

"आठवतात ते सहा."

"आठवतात ते." त्या खुर्चीत बसल्या. "मग किती धुतले ते सांगता येत नाही. सगळं रजिस्टर गेलं, मामा."

माझं डोकं सणकलं. "एकवीस वर्षं आहेत ती! आणि मी काय पाप केलं? मुक्या जिवावर दया केली!"

"सशावर केलीत. त्या सहांतला एक शाम्पू आहे. डोळ्यांना सौम्य असं छापून दुकानात आहे तो, लहान मुलांसाठी." त्यांचा आवाज चढला नाही. मला तो चढायला हवा होता.

मी म्हटलं, "रजिस्टर गेलं तर तुमचे जुळलेले चौतीसही जातील. परत शून्यावर याल."

"येईन."

"मग सहाच लिहितो. तुमचं काम होईल, माझंही निभावेल. कुणाला कळणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की तसं चौदा वर्षांच्या भांडणात कधी बघितलं नव्हतं. मग एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "जे मला सांगितलंत तेच लिहा. आठवतात तेवढे सहा, बाकीचे माहीत नाहीत, हे सुद्धा."

मी उभ्याउभ्याच लिहिलं. अक्षर माझं वाटेना. खाली सही केली. वाटलं, आता तरी एखादा शब्द बोलतील. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.