सगुणा आत्यानं भिजवलेले मनुके

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. या हकिगतीतला पुराव्यानिशी सिद्ध झालेला भाग तेवढाच आहे.

आमच्या गारखेड्याच्या घरात दाराआडच्या खिळ्याला दोन कापडी पिशव्या लटकत होत्या. एकीत चर्चच्या प्रभुभोजनाच्या विधीचं सामान — ब्रेड, मनुक्यांच्या रसाची बाटली, काचेचे छोटे पेले. दुसरीत बायकोचे ब्लाउजपीस, गुलमंडीच्या बाजारात मॅचिंगला न्यायचे. सकाळी सात वाजता घाईघाईत मी कुठली उचलली, ते ओळखाच.

वीस वर्षं मी चर्चच्या कमिटीवर आहे. खुर्च्या मांडायच्या, माईक लावायचा, पाळकसाहेबांना गाडीतून न्यायचं-आणायचं. एवढं केलं की माणूस भाविक उरत नाही, नुसता दमतो. कुणी दर्शनाबिर्शनाची साक्ष द्यायला उभं राहिलं, की माझं लक्ष घड्याळाकडे.

सगुणा आत्या ही माझ्या वडिलांची बहीण. कन्नडच्या पुढं, घाटाआधीच्या एका खेड्यात राहायची. घरासमोर मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे. आता त्याच्या ओट्यावर शेळ्या रवंथ करतात. आत्याची दृष्टी गेलेली. दवाखान्यानं 'घरी न्या' म्हणून पाठवलेलं. मागणं एकच — घास गिळता येतोय तोवर प्रभुभोजन द्या. आणि आमचं आपलं वर्षभर 'येतो, येतो' चाललेलं. शेवटी आदल्या रात्री आठला पाळकसाहेबांचा फोन आला, "उद्या दुपारपर्यंत मोकळा आहे, जाऊन येऊ." पाळकसाहेब, बायको आणि मी, असे तिघं निघालो.

अंगणातलं कुत्रं माझ्यावर मन लावून भुंकलं. आत्याच्या खाटेशी बसून मी पिशवी उघडली आणि आतून निघाला… हिरवा ब्लाउजपीस. मग जांभळा. पाळकसाहेब वयानं माझ्या मुलाएवढे; ते नम्रपणे छताकडे बघत राहिले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ती नजर वाचायला मला चष्मा लागत नाही.

आता रस कुठून आणायचा? मनुके भिजायलाच रात्र जाते. दुपारी पाळकसाहेबांना शहरात लग्न लावायचं होतं. आणि आत्या तर हात जोडून वाट बघत होती.

तेवढ्यात तिची सून सुलभा आतून झाकलेली वाटी घेऊन आली.

"भाऊजी, हे चालंल का? मनुक्याचं पाणी हाये. कालच्या रातीच भिजवले."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईनंच. नाताळातले मूठभर उरले व्हते डब्यात. मला वाटलं, बरळायल्यात. म्हनलं, मन राखावं."

मी आत्याकडे वळलो. ती अगदी सहज म्हणाली, "काल दुपारी एकजण आला न, बाळू. पानी मागितलं. जाताना म्हनला, उद्या तुमची मानसं येतील, पन सामान घरीच राहील. मनुके भिजू घाला."

"कोण होता?"

"मला दिसतंय व्हय रं? पेला देताना हात लागला. घट्टे पडलेला हात व्हता, कामाचा."

सुलभा काल दिवसभर कापूस वेचायला गेलेली. शेजारणीनं कुणाला पाहिलं नाही. कुत्रंही भुंकलेलं ऐकलं नाही म्हणाली.

ब्रेडच्या जागी सुलभानं भाकरी आणली. पाळकसाहेब हसले, "प्रार्थनेत आपण 'रोजची भाकर'च मागतो, दादा. आज खरी मिळाली." आत्यानं एवढासा तुकडा घेतला, स्टीलच्या पेल्यातून दोन घोट घेतले, आणि मोठ्यानं 'आमेन' म्हणाली.

पाचव्या दिवशी आत्या गेली. त्या तुकड्यानंतर तिच्या पोटात अन्न गेलंच नाही.

मी डोकं लढवून पाहिलंय. म्हाताऱ्या माणसाला भास होतात, कबूल. पण तो माणूस दुपारी येऊन गेला, आमचं जायचं ठरलं रात्री, आणि मी पिशवी चुकलो दुसऱ्या दिवशी सकाळी. माझी चूक माझ्याआधी कुणाला कशी कळली?… उत्तर शोधून आता थकलोय.

आत्याची माती आटोपून परत येताना हे सगळं मी बायकोला पुन्हा एकदा समजावून सांगत होतो. वेरूळ गेलं, खुलताबाद गेलं. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"अहो, एवढ्या उन्हातून आलेला माणूस… आत्याबाईंनी नुसत्या पाण्यावर वाटेला लावलं असेल का हो त्याला? चहा तरी विचारायचा."